झुंबराखाली स्वस्त बिअर: लंडनच्या जुन्या स्टेशन-हॉटेलातला पब चालतो तरी कसा?

"जुन्या हॉटेलात पब काढलाय, तिथे जाऊ," असं मी म्हटलं तेव्हा काकांना त्यात काहीच नवल वाटलं नाही. सांगलीत हॉटेल म्हणजे मिसळ, भजी आणि कटिंग. त्यात मागच्या बाजूला परमिट रूम निघणं ही रोजचीच गोष्ट. पुढे फॅमिली, मध्ये पडदा, पलीकडे मंद उजेड. त्याच तयारीने ते निघाले होते. लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनच्या गर्दीतून वाट काढत मी त्यांना 'हॅमिल्टन हॉल'च्या दारातून आत नेलं, त्यांनी मान वर केली आणि पुढची दोन मिनिटं ती खाली आणलीच नाही.

वर सोनेरी मुलाम्याचं नक्षीकाम, वेलबुट्टी, झुंबर. एखाद्या फ्रेंच राजवाड्याचा दिवाणखाना उचलून स्टेशनला चिकटवावा तसा प्रकार. आणि खाली? चाकांच्या बॅगा, पिवळीजर्द जाकिटं घातलेले बांधकामावरचे लोक, टाय सैल केलेले बँकवाले, चिप्सच्या बशीत बोट बुडवणारं एक पोर. काकांनी चष्मा पुसला, मेनूकार्ड डोळ्यांजवळ धरलं आणि पस्तीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाने विचारावा तोच प्रश्न विचारला. "अरे, एवढ्या झुंबराखाली बिअर बाहेरच्यापेक्षा स्वस्त? काहीतरी गोम आहे यात."

गोम आहे. आणि गोमेला असतात तसे तिला पायही बरेच आहेत. त्यातला एक रेल्वेच्या इतिहासात, एक वारसा-इमारतींच्या कायद्यात, एक बिअर कंपन्यांच्या जुन्या दादागिरीत आणि एक साध्या त्रैराशिकात.

नाचाची खोली

हॅमिल्टन हॉल म्हणजे मूळच्या 'ग्रेट ईस्टर्न हॉटेल'चा बॉलरूम. हॉटेल १८८४ साली उघडलं. त्याचा आराखडा चार्ल्स बॅरी धाकटे यांचा. ब्रिटिश पार्लमेंटची आजची इमारत ज्यांनी आखली त्या थोरल्या बॅरींचे हे चिरंजीव. मग व्याप वाढला, जागा कमी पडू लागली आणि १९०१ च्या सुमारास रॉबर्ट एडिस नावाच्या वास्तुविशारदाने नवं अंग जोडलं. हा बॉलरूम त्याच वाढीव भागातला. ग्रेट ईस्टर्न रेल्वे कंपनीचे तेव्हाचे अध्यक्ष लॉर्ड क्लॉड हॅमिल्टन, म्हणून हॅमिल्टन हॉल. या हॉटेलचा थाट असा की पाहुण्यांच्या अंघोळीसाठी समुद्राचं पाणी रेल्वेने यायचं! लंडनच्या मधोमध खाऱ्या पाण्याचं स्नान. आपल्याकडे लातूरला पिण्याचं पाणी रेल्वेने न्यावं लागलं होतं, तेव्हा मला हे आठवलं होतं आणि जरा रागच आला होता.

पण स्टेशनला एवढं आलिशान हॉटेल कशाला? आपल्या डोक्यात स्टेशनजवळचं लॉज म्हणजे ढेकणांची गादी आणि रंग उडालेली बादली. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये हिशेब उलटा होता. रेल्वे सरकारी नव्हती. खासगी कंपन्या होत्या आणि त्यांची एकमेकींशी जबरदस्त चढाओढ होती. गाडीतून उतरलेला पैसेवाला प्रवासी बाहेर जाऊन दुसऱ्याच्या हॉटेलात कशाला घालवायचा? शिवाय स्टेशनचं दर्शनी हॉटेल म्हणजे कंपनीची जाहिरात. त्यामुळे पॅडिंग्टन, किंग्ज क्रॉस, चेरिंग क्रॉस अशा लंडनच्या बहुतेक मोठ्या स्टेशनांना स्वतःचं हॉटेल चिकटलं. सगळ्यांवर कडी केली ती सेंट पँक्रसच्या 'मिडलँड ग्रँड'ने. ते १८७३ साली उघडलं, वास्तुविशारद जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट. हे नाव मुंबईकरांना परकं नाही. राजाबाई टॉवर याच स्कॉटने आखला, तोही मुंबईत एकदाही पाऊल न ठेवता. सेंट पँक्रसच्या मागच्या लोखंडी छपरावर ज्याने काम केलं त्या रोलंड ऑर्डिशने आपल्या काळाघोड्याच्या वॉटसन हॉटेलचा सांगाडा आखला. लोखंड इंग्लंडमध्ये ओतलं, तुकडे जहाजाने मुंबईला आणले आणि इथे जोडले. ७ जुलै १८९६ ला ल्युमिएर बंधूंची चित्रफीत भारतात पहिल्यांदा दाखवली गेली ती याच हॉटेलात.

या बड्या हॉटेलांना नंतर उतरती कळा का लागली, याचं एक कारण ऐकून काका खो-खो हसले: मोऱ्या नव्हत्या. मिडलँड ग्रँडमध्ये खोल्या शेकड्यांनी, न्हाणीघरं मात्र बोटांवर मोजण्याइतकी. सकाळी नोकराने खोलीत गरम पाणी आणून द्यायचं ही पद्धत. नोकर स्वस्त होते तोवर हे चाललं. मजुरी वाढली, गिऱ्हाइकांना खोलीला लागून बाथरूम हवी झाली आणि त्या जाडजूड भिंतींत नळ घालणं म्हणजे डोंगर पोखरणं. १९३५ साली मिडलँड ग्रँडने दार लावलं ते एकदम २०११ मध्ये नव्या नावाने उघडलं. पुढे मोटारी आल्या, हमरस्त्यांवर स्वस्त मोटेलं आली. छोट्या शहरांतल्या, घोडागाड्यांच्या काळापासून चालत आलेल्या हॉटेलांचं तर कंबरडंच मोडलं. ग्रेट ईस्टर्न तगलं. आजही ते एका अमेरिकी हॉटेल-साखळीच्या ताब्यात नव्या नावाने सुरू आहे. पण बॉलरूमचं काय करणार? बुधवारी संध्याकाळी वाद्यवृंदाच्या तालावर वॉल्ट्झ करायला कोण येणार होतं?

पाडता येत नाही, बदलता येत नाही

इथे गोमेचा दुसरा पाय. इंग्लंडमध्ये जुन्या मोलाच्या इमारतींची सरकारी यादी असते. तीन दर्जे: पहिला, दुसरा-तारांकित आणि दुसरा. यादीतल्या नव्वद टक्क्यांहून जास्त इमारती साध्या दुसऱ्या दर्जात असतात. तारा मिळणाऱ्या सहा टक्केसुद्धा नाहीत, पहिला दर्जा मिळणाऱ्या अडीच टक्क्यांच्या आसपास. एकदा नाव चढलं की परवानगीशिवाय भिंत हलवायची नाही, खिडकी बदलायची नाही, छताच्या वेलबुट्टीला हात लावायचा नाही. लावलात तर तो चक्क फौजदारी गुन्हा. मुंबईत १९९५ साली हेरिटेज नियमावली आली आणि इमारतींना एक, दोन-अ, दोन-ब, तीन अशा श्रेण्या मिळाल्या, त्याच जातीचं हे प्रकरण. ग्रेट ईस्टर्न हॉटेलला आता तारा आहे.

हे सारं सुखासुखी झालं नाही. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला युस्टन स्टेशनची भव्य दगडी कमान सरकारने पाडली आणि लोकांचा जीव कळवळला. १९७० च्या दशकात लिव्हरपूल स्ट्रीटही पाडायचा घाट घातला होता. राजकवी जॉन बेटजमन यांच्यासारखे लोक हट्टाला पेटले म्हणून ते वाचलं. शेजारचं ब्रॉड स्ट्रीट स्टेशन वाचलं नाही. १९८६ साली ते बंद झालं. आज तिथे काचेची ऑफिसं आहेत.

आता मालकाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. प्रचंड दालन आहे. पाडता येत नाही. मजला टाकून दोनाचे चार गाळे करता येत नाहीत. छत इतकं उंच की गरम ठेवायचा खर्च डोळे पांढरे करेल. कपड्याच्या दुकानाला नको, कारण पाटी कुठे लावायची इथपासून अडचण. ऑफिसला नको, कारण झुंबराखाली संगणकांच्या रांगा शोभत नाहीत आणि वायरी घालायला भिंत फोडता येत नाही. असा गाळा भाड्याने द्यायचा तर चौरस फुटामागे फार मोठा भाव सांगण्याची सोय उरत नाही. आणि मोठी मोकळी खोली, मध्ये खांब नाहीत, बसायला जागाच जागा, आत शिरताच माणूस 'अहाहा' म्हणेल, हे सगळं ज्या धंद्याला नेमकं हवं असतं तो धंदा म्हणजे पब.

हे ज्या कंपनीने सर्वांत पद्धतशीर हेरलं तिचं नाव जे. डी. वेदरस्पून. लोक लाडाने, कधी नाक मुरडत 'स्पून्स' म्हणतात. टिम मार्टिन नावाच्या माणसाने १९७९ साली उत्तर लंडनमधल्या मसवेल हिलला पहिला पब काढला. मार्टिनचं बरंचसं बालपण न्यूझीलंडमध्ये गेलं. तिथल्या एका शिक्षकाला वर्ग आवरायचा नाही, त्या बिचाऱ्याचं आडनाव वेदरस्पून. 'जे. डी.' हे एका अमेरिकी मालिकेतल्या पात्राकडून उसने घेतलेले. म्हणजे ज्या नावाला आपण दोनशे वर्षांचं खानदानी समजतो ते मुळात एक थट्टा. १९९२ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली आणि आज ब्रिटन-आयर्लंडभर तिचे सुमारे आठशे पब आहेत. एडिंबरात जुन्या सिनेमागृहात, ग्लासगोत बँकेच्या कचेरीत, टनब्रिज वेल्सला ऑपेरा हाऊसमध्ये. त्या ऑपेरा हाऊसात बाल्कनी आणि रंगमंच जागच्या जागी आहेत, फक्त नाटकाऐवजी चिप्स.

सालकरी आणि मोकळा

आता तिसरा पाय, आणि पबच्या स्वस्ताईचं अर्धं रहस्य इथेच आहे.

वरवर पाहता इंग्लंडचा प्रत्येक पब म्हणजे कोणाचं तरी घरगुती दुकान वाटतं. तसं सगळीकडे नसतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी दारूचे परवाने मिळणं अवघड झालं, तेव्हा बिअर गाळणाऱ्या कंपन्यांनी शक्कल लढवली. परवाना मिळत नाही ना, मग परवाना असलेला पबच विकत घ्या. मग तो पब कोणाला तरी चालवायला द्यायचा, एका अटीवर: बिअर आमचीच विकायची, आमच्याच भावाने. याला म्हणतात 'टाइड हाऊस', बांधलेला पब. आपल्या भाषेत सांगायचं तर गावातल्या किराणा दुकानदाराला गाळा फुकटात दिल्यासारखा द्यायचा आणि साखर, तेल, डाळ सगळं एकाच अडत्याकडून, तो म्हणेल त्या दराने उचलायची सक्ती करायची. भाडं कमी दिसतं. अडत्या ते मालात वसूल करतो. दुकानदार म्हणवतो मालक, असतो सालकरी.

१९८९ पर्यंत सहा बड्या कंपन्यांच्या हातात देशातल्या पबांचा मोठा हिस्सा गेला होता. मक्तेदारी आयोगाचा अहवाल आला आणि सरकारने हुकूम काढला: ज्यांच्याकडे २,००० पेक्षा जास्त पब असतील त्यांनी त्यावरच्या आकड्यातल्या निम्म्या पबांची बांधिलकी १९९२ पर्यंत सोडावी. मग काय, कंपन्यांनी पबच विकून टाकले. घेणारे कोण? बिअर न गाळणाऱ्या, नुसते पब बाळगणाऱ्या नव्या कंपन्या. आणि त्यांनी तीच अट पुन्हा घातली! अडत्या बदलला, दावं तेच. कायद्याच्या फटीतून धंदा कसा निसटतो ते शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

या बांधलेल्यांच्या उलट तो 'फ्री हाऊस'. फ्री म्हणजे फुकट नव्हे. काकांनी पाटी वाचून क्षणभर आशेने माझ्याकडे पाहिलं होतं. फ्री म्हणजे मोकळा: कोणाचीही बिअर घ्यायला मुखत्यार. वेदरस्पूनचे पब असे मोकळे. वर ते जवळजवळ सगळे कंपनी स्वतःच चालवते. निम्म्याहून कितीतरी जास्त इमारती आता तिच्या स्वतःच्या मालकीच्या आहेत, म्हणजे तिथे भाड्याची कटकटही नाही. आठशे पबांची एकत्र ऑर्डर घेऊन बसणाऱ्या गिऱ्हाइकासमोर बिअरवाला किती ताणून धरेल?

उरलेलं अर्धं रहस्य म्हणजे ते त्रैराशिक. काकांना मी रुमालावर मांडून दाखवलं. समजा, एका छोट्या पबचा पगार, वीज, भाडं धरून दिवसाचा ठरलेला खर्च ६०० पौंड आणि तो २०० पिंट, म्हणजे अर्ध्या लिटरहून थोडे मोठे ग्लास, विकतो. प्रत्येक पिंटवर ३ पौंडांचं ओझं. आता हे दालन घ्या. समजा, दिवसाचा खर्च ३,००० पौंड, पण पिंट, नाश्ते, जेवणं मिळून ३,००० गोष्टी विकल्या जातात. प्रत्येकीवर ओझं १ पौंड. आकडे माझे, ओढूनताणून घेतलेले. पण तत्त्व हेच. म्हणून सकाळी अंडी-सॉसेजचा नाश्ता. म्हणून कॉफीचा कप एकदा विकत घेतला की यंत्रावर जाऊन पुन्हा पुन्हा भरायची मुभा. सकाळी दहाला पेन्शनर, दुपारी एकला ऑफिसवाले, पाचनंतर गाडी पकडणारे. खुर्ची दिवसभर तापलेली राहिली पाहिजे. बहुतेक शाखांत संगीतही नसतं. त्याच्या परवान्याचे पैसे वाचतात आणि, मला विचाराल तर, माणसं एकमेकांशी बोलतात.

एके काळी हे शक्यच नव्हतं. पहिल्या महायुद्धात दारूगोळ्याच्या कारखान्यांतले कामगार शुद्धीवर राहावेत म्हणून दुपारी पब बंद ठेवायचा नियम आला. युद्ध संपलं, हिटलर येऊन गेला, माणूस चंद्रावर जाऊन आला, तरी इंग्लंडमध्ये दुपारचं कुलूप निघालं ते १९८८ मध्ये. यावर आपण हसू नये. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली आजही महाराष्ट्रात प्यायची तर माणसाच्या नावाचं परमिट लागतं. परमिट रूम हा शब्द त्यातूनच आला. आपण तो इतका पचवलाय की त्यातलं परमिट कोणाला आठवत नाही.

यातलं काहीच फुकट होत नाही. आसपासच्या छोट्या पबवाल्यांचा या साखळीवर राग असतो आणि तो मला समजतो. बांधलेल्या पबवाल्याला त्या भावात बिअर विकत घेतासुद्धा येत नाही, विकणं दूरच. सगळ्या शाखांत मेनू एकाच साच्यातला. 'सगळीकडे तेच' ही तक्रार खोटी नाही. मार्टिनचं राजकारणही अनेकांच्या डोक्यात जातं: तो ब्रेक्झिटचा खंदा समर्थक, आणि २०१८ मध्ये त्याच्या पबांतून फ्रेंच शॅम्पेन हटवण्यात आली. एका बाबतीत मात्र तो जे वर्षानुवर्षं ओरडतोय ते हिशेबाला धरून आहे. पबमधल्या जेवणावर २० टक्के व्हॅट, सुपरमार्केटातल्या बहुतेक खाद्यपदार्थांवर शून्य. सुपरमार्केट ते वाचलेले पैसे बिअर स्वस्त करायला वापरतं आणि माणूस घरी बसून पितो. २०२३ च्या ऑगस्टपासून दारूवरचा कर तिच्या तीव्रतेप्रमाणे झाला आणि नळातून ओतल्या जाणाऱ्या बिअरला थोडी सवलत मिळाली, पण ती पिंटमागे पेनींत मोजण्याइतकी.

पिंपातली जिवंत बिअर

"स्वस्त आहे म्हणजे तारीख उलटत आलेला माल असणार," काका म्हणाले. इंग्लंडमध्येही ही अफवा जुनी आहे. ती का खोटी आणि तरी इतकी चिवट का, हे कळायला पिंपात डोकवावं लागतं.

पबमध्ये दोन जातींची बिअर असते. एक 'केग': गाळलेली, थंडगार, गॅसच्या दाबाने नळातून वर येणारी. ती मेलेली असते, म्हणून टिकते. दुसरी 'कास्क': पिंपात भरली तरी तिच्यात यीस्ट जिवंत असतं आणि आंबणं चालूच राहतं. पबच्या तळघरात पिंप आडवं ठेवून निवू द्यायचं, खाली गाळ बसू द्यायचा, भोकाला खुंटी मारून जादाचा वायू सोडायचा आणि मग काउंटरवरचा लांब दांड्याचा हातपंप ओढून ती वर काढायची. तळघर ११ ते १३ अंशांवर ठेवतात. म्हणून आपली माणसं पहिल्या घोटाला तोंड वाकडं करतात: "गरम आहे रे!" गरम नाही, बर्फाळ नाही एवढंच.

प्रत्येक ओढीबरोबर पिंपात बाहेरची हवा शिरते. ज्याला नीरा आणि ताडीतलं अंतर कळतं त्याला पुढचं सांगायला नको. उघडलेलं पिंप तीनेक दिवसांत संपलं नाही तर आंबूस लागायला लागतं. नेहमीचं पिंप नऊ गॅलनचं, म्हणजे ७२ पिंटांचं. पिंट ५६८ मिलिलिटरचा. शांत गल्लीतल्या पबला तीन दिवसांत ७२ पिंट खपवणं जड जातं. शेवटचे वीस एक तर ओतून द्यावे लागतात, नाहीतर गिऱ्हाइकाच्या गळी उतरवावे लागतात. स्टेशनच्या पोटातल्या या दालनात शुक्रवारी संध्याकाळी तेच पिंप बघता बघता रिकामं होतं. म्हणजे तारीख उलटायला माल इथे थांबतच नाही. ही जिवंत बिअर १९७० च्या सुमारास जवळजवळ नामशेष होत आली होती. १९७१ मध्ये चार मित्रांनी 'कॅम्रा' नावाची चळवळ उभारली म्हणून ती तगली. बिअरसाठी चळवळ! इंग्रजांना आंदोलन कशासाठी करावं हे कळतं, असं काकांचं मत पडलं.

हातपंपांवर लावलेल्या छोट्या पाट्यांत 'आयपीए' दिसलं की थोडं थांबा. इंडिया पेल एल. इथून पूर्वेला तीनेक मैलांवरच्या बो गावात जॉर्ज हॉजसनची भट्टी होती. तिची फिकट, कडवट बिअर ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून मुंबई-मद्रास-कलकत्त्याला जायची. कंपनीचं मुख्यालय लेडनहॉल स्ट्रीटला होतं, या पबपासून दहा-बारा मिनिटं चालत. आज त्या जागी लॉइड्स या विमा-बाजाराची नळ्यानळ्यांची इमारत आहे. मुंबई बेट वर्षाला दहा पौंड भाड्यावर जिने घेतलं त्या कंपनीचं नावनिशाण पुसलं गेलं. तिच्या बिअरचं नाव मात्र इथे रोज ओढलं जातं.

आत गेल्यावर काय करायचं

वेटरची वाट बघू नका. याआधी दुसऱ्याच एका पबमध्ये काका एकटे जाऊन वीस मिनिटं भिंतीकडे बघत बसले होते आणि "इथे गोऱ्यांनाच विचारतात" असा निष्कर्ष काढून उठून आले होते. कोणालाच विचारत नाहीत. आधी टेबल धरायचं, त्यावरचा नंबर लक्षात ठेवायचा, मग बारवर जाऊन सांगायचं आणि तिथल्या तिथे पैसे द्यायचे. बिअर आपण हातात घेऊन यायची, जेवण ते आणून देतात. बारवर रांग दिसत नाही, पण असते. कोण कोणाच्या आधी आलं ते उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. हात हलवणं, नोट नाचवणं, "ओ भाऊ" करणं म्हणजे आपला नंबर आपणच मागे नेणं. हे सगळं टाळायचं तर कंपनीचं ॲप आहे. टेबलचा नंबर टाकला की पेय टेबलावर येतं. टीप द्यायची सक्ती नाही.

ग्लास काठोकाठ भरून मागायला लाजू नका. फेस फार असला तर "थोडी वर भरा" म्हणायचं. बिनबोभाट भरून देतात. व्हिस्कीचं माप मात्र २५ किंवा ३५ मिलिलिटर. आपल्या तीसच्या लहान पेगवर वाढलेल्या माणसाला पंचवीसचं बघून 'बस एवढंच?' वाटतं. चखणा फुकट येत नाही. शेंगदाणे, चिप्स सगळं विकत. मसाला पापड नाही, उकडलेली अंडी नाहीत, कांदा-लिंबू तर नाहीच नाही. त्याची भरपाई गुरुवारी: त्या दिवशी 'करी क्लब' असतो, भात-नान-पापडासह. त्यांच्या यादीत मंगळुरी म्हणवणारी फुलकोबी-पालकाची करी असते. मंगळूरच्या माणसाने ती ओळखावी अशी अपेक्षा मी ठेवणार नाही. पण थंडीच्या दिवसांत गाडी अर्धा तास उशिरा असताना ती पोटात गेली की माणूस फार चिकित्सा करत नाही.

आणि राउंड. आपल्याकडे एक तर बिलासाठी हातघाई होते, "माझी शपथ आहे, मी देणार," नाहीतर सरळ टीटीएमएम. इंग्रजांनी तिसराच मार्ग काढला: एकाने उठून सगळ्यांची पेयं आणायची, पुढच्या वेळी दुसऱ्याने. हिशेब कोणी बोलून दाखवत नाही, ठेवतात मात्र सगळे. तिघांच्या तीन राउंड पिऊन आपली पाळी आली की "गाडी सुटेल" म्हणत निघालात, तर पुढच्या शुक्रवारी बोलावणं येत नाही.

बसल्या बसल्या दोन गोष्टी बघा. एक, भिंतीवरच्या चौकटी. या साखळीच्या पबांत त्या जागेचा, त्या गावाचा इतिहास चित्रांसह टांगलेला असतो आणि तो लोक खरंच वाचतात, विशेषतः कोणाची तरी वाट बघणारे. या स्टेशनच्या जागी १२४७ पासून चारशेहून जास्त वर्षं बेथलेम होतं: सुरुवातीला मठ, पुढे वेड्यांचं इस्पितळ. गोंधळाला इंग्रजीत 'बेडलॅम' म्हणतात तो शब्द त्याच्या नावावरून पडला. शुक्रवारी सहा वाजता खाली फलाटांकडे बघितलं की शब्द जागचा हलला नाहीये हे पटतं.

दुसरी गोष्ट पायाखाली. या कंपनीच्या प्रत्येक पबचा गालिचा वेगळा असतो, त्या त्या जागेसाठी खास आखून विणून घेतलेला. भडक, गुंतागुंतीचा, डाग पचवणारा. मेनू सगळीकडे एक आणि गालिचा प्रत्येक ठिकाणी निराळा, हे बघून काका खाली वाकले आणि त्यांनी दोन बोटांनी विणीची जाडी चाचपली. शेजारच्या टेबलावरच्या म्हातारीला वाटलं यांचं काहीतरी हरवलंय. तीही वाकली आणि शोधू लागली. काकांना इंग्रजी येतं, पण "मी गालिचा बघतोय" हे त्या घाईत त्यांना सुचेना. शेवटी त्यांनी खिशातलं एक नाणं हळूच खाली टाकलं आणि "सापडलं" म्हणून उचललं. म्हातारीने टाळी वाजवली.

खाली इलफर्डची गाडी लागली होती. काकांनी ग्लासात उरलेला बोटभर घोट संपवला, दोन्ही रिकामे ग्लास उचलून काउंटरवर नेऊन ठेवले आणि जाता जाता मला विचारलं, "पुढचा राउंड माझा होता ना रे?"